शिळी श्रेणी आणि कारकुनाचे सूत्र

शाळेच्या कार्यालयात एखाद्या विद्यार्थ्याचे गुण संगणकावर दुरुस्त होतात. रकान्यातील आकडा बदलतो, बेरीजही बदलते. कोपऱ्यातील श्रेणी मात्र जुनीच राहते. अशा वेळी यंत्रास दोष देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः यंत्र आज्ञेबाहेर गेलेले नसते. गुण बदलले असता पडद्यावर आणखी काय काय बदलावे, याची यादी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हाताने केलेली असते आणि तीत एक नोंद राहून गेलेली असते.

या दुखण्यावरील उपाय १९७९ सालापासून कारकुनांच्या हाती आहे. हार्वर्ड येथे व्यवस्थापन शिकणारे डॅन ब्रिकलिन व त्यांचे सहकारी बॉब फ्रँकस्टन यांनी त्या वर्षी ‘व्हिजिकॅल्क’ हा तक्ता ॲपल-२ या संगणकासाठी आणला. त्यात बेरजेच्या चौकटीत बेरीज लिहावयाची नसे. ती कशाची, एवढेच लिहावयाचे. मूळ आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली उत्तरे नव्याने मांडण्याचे काम यंत्राचे. अर्थात ही व्यवस्था निर्दोष नव्हती. हा तक्ता ओळीने वा स्तंभाने क्रमवार गणित करी. सूत्र पुढच्या चौकटीवर विसंबले असेल, तर फेरगणित पुन्हा करवावे लागे. कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहून क्रम लावण्याची रीत पुढील तक्त्यांत रुळली.

पडदे रचणाऱ्या विद्वानांना मात्र या सूत्राचे महत्त्व सावकाश उमगले. कॉनल एलियट व पॉल ह्यूडॅक यांनी १९९७ मध्ये याच धर्तीवर हलती चित्रे रचण्याची पद्धत मांडली. २०१३ मध्ये फेसबुकने खुल्या केलेल्या ‘रिॲक्ट’नेही पडदा हा माहितीवरून ठरावा, हाच आग्रह धरला. असे असता तक्त्यात सूत्र लिहिणाऱ्या शिक्षकास ‘प्रोग्रॅमिंग येत नाही’ असे म्हणणे हा निव्वळ अहंकार होय. विद्यार्थ्यांना आज्ञांच्या माळा घोकावयास लावण्यापूर्वी त्यांच्या हाती गुणांचा तक्ता द्यावा. श्रेणी बेरजेवर व बेरीज गुणांवर कशी अवलंबून आहे, हे त्यांनी स्वतः लिहून पाहावे.

सूत्रांचे धागे डोळ्यांआड असल्यामुळे चूक शोधणे कधी कधी अधिक कठीण जाते, ही तक्रार खोटी नाही. शिवाय सारेच सूत्रात बसत नाही. फेरगणिताने श्रेणी दहादा मांडली गेली तरी बिघडत नाही. शुल्काची पावती मात्र दोनदा छापून चालत नाही. तेथे ‘आता छाप’ ही आज्ञाच हवी.