संशोधनाची संधी कोणाला?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली एक लेखमाला प्रसिद्ध केली आणि ‘जागतिक मानसिक आरोग्य’ ही ज्ञानशाखा विद्यापीठांत स्थिरावली. लंडनमध्ये तिचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. परंतु तिच्या पुराव्याचा महत्त्वाचा अंश गोव्याच्या आणि विदर्भाच्या मातीतून गेला आहे.

डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या गोव्यातील ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. वैद्यकाची पदवी नसलेले प्रशिक्षित समुपदेशक ज्या सरकारी आरोग्यकेंद्रांत होते, तेथे नैराश्य वा चिंताविकार जडलेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. जेथे ते नव्हते तेथे ४२.५ टक्के. (खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही, हे सरकारी आरोग्यसेवेला नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) पुढे ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावपातळीवरील कार्यकर्ते राबले, आणि नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणजे शहाणपण गावात होते. कर्जाने खचलेला शेतकरी ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. झोप नाही, अंगात जीव नाही, ‘टेन्शन’ आहे, असे तो सांगतो. या बोलण्याचा अर्थ त्याच तालुक्यातील विद्यार्थिनीस जितका कळेल, तितका दुभाष्याच्या आधाराने येणाऱ्या अभ्यासकास कळणे कठीण. तरीही तिच्या वाट्याला बहुधा येते ती प्रश्नावली भरून आणण्याची रोजंदारी. प्रश्न कोणते विचारावयाचे, हे ठरविण्याच्या बैठकीत तिला खुर्ची नसते. बिनपगारी ‘इंटर्नशिप’ तर सुट्टीत शेतमजुरीला जाणाऱ्या मुलीला परवडणारीच नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली वैद्यक पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची विद्यावेतनासह योजना सुरू केली. समाजकार्य, परिचर्या आणि मानसशास्त्र शिकणाऱ्यांना राज्य शासनाने व विद्यापीठांनी तशीच संधी का देऊ नये? विषयांची वाण नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता.

अननुभवी विद्यार्थ्यांच्या हाती दुखावलेली माणसे सोपवू नयेत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नैतिकता समितीची मान्यता हवी, अनुभवी मार्गदर्शक हवा. कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखविला तर त्याच दिवशी कोणाकडे न्यावयाचे, हे आधी ठरलेले हवे. याला पैसा लागेल. विद्यावेतन, एस.टी.चे भाडे, मार्गदर्शकाचे मानधन ही तरतूद विद्यापीठांच्या येत्या अंदाजपत्रकातच व्हावयास हवी. शोधनिबंधावर त्या विद्यार्थिनीचे नाव असावे, आणि निष्कर्ष प्रथम मराठीत, त्याच गावाच्या ग्रामसभेत वाचले जावेत.