टाळ कपाटातच का?

रविवारी चर्चमध्ये आम्हा तरुणांची जागा मागच्या बाकावर. अर्धे लक्ष घड्याळाकडे! बेळगावात उपासना मराठीत होते तशी कानडीतही होते, परंतु मरगळ दोन्हीकडे सारखीच. निपाणीहून पंढरीला पायी जाणारा वारकरी कधी घड्याळ पाहतो का? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे ओळखले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले हे कवी, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगांत, कीर्तनात आणली. १९१७ साली मिशनची पगारी नोकरीही सोडली. आणि आम्ही? त्यांचीच गीते पेंगत म्हणतो. टाळ-मृदंगाने गांभीर्य जाते, असे वडीलधारी म्हणतात. मला ते पटत नाही. येत्या नाताळात टाळ बाहेर काढू द्यावेत. कानडी गीतेही त्या ठेक्यावर झकास बसतात.