उंदराचं प्रथिन आणि आपला अडकलेला रिपोर्ट

आठवतोय का मंडळी, २०२० चा तो उन्हाळा? स्वॅब इथं घ्यायचे, थंड पेटीतून मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायचे आणि रिपोर्टची वाट बघत माणसं चार-चार दिवस ताटकळायची. आम्ही पत्रकार रोज एकच ओळ लिहायचो, 'किटचा तुटवडा'. त्या किटमध्ये असतं काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परवा भाची सुट्टीला आली. बायोटेकमध्ये एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टचं विचारलं तर म्हणाली, "मामा, थांबलाय. उंदीर यायचाय." मला वाटलं पिंजऱ्यातला. ती हसत सुटली. तिला हवी होती करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी. त्यात उंदराचं एक प्रथिन, परदेशातून यायचं, दीड महिना झाला तरी पत्ता नाही. उणे २० अंशात ठेवायचा माल. वाटेत कुठं गरम झाला की पैसे पाण्यात.

मग तिनं मला समजावलं. जमेल तसं तुम्हालाही सांगतो.

कोरोनाचा विषाणू आरएनएचा बनलेला. मशीनला मात्र डीएनए लागतो. म्हणून आधी आरएनएवरून डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम टाकावं लागतं. डेव्हिड बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांनी ते १९७० मध्ये वेगवेगळं काम करून शोधलं आणि १९७५ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. आज लॅबमध्ये सर्रास वापरतात ते मूळचं उंदराला रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूचं. दुसरी अडचण अशी की आरएनए फार नाजूक. आपल्या हाताच्या घामातली एन्झाइमंसुद्धा त्याचा चुथडा करतात. त्यांना आवरायला आणखी एक प्रथिन लागतं. ते माणसाचंही चालतं, पण हवेशी संपर्क आला की लवकर बिघडतं. उंदराचं जास्त टिकतं.

यासाठी उंदीर मारत नाहीत बरं का. जनुकाची नक्कल ई-कोलाय नावाच्या जिवाणूत बसवायची आणि विरजण लावावं तसं ते जिवाणू रात्रभर वाढवायचे. ते उंदराचं प्रथिन स्वतःच बनवतात. सकाळी पेशी फोडायच्या. जनुकाला आधीच एक छोटी शेपटी जोडलेली असते, ती निकेलला चिकटते. बाकीचा गाळ धुऊन टाकला की प्रथिन हातात. याला म्हणतात रिकॉम्बिनंट प्रथिन. डायबेटिसवाल्यांचं इन्सुलिन याच पद्धतीनं १९८२ पासून बाजारात आहे.

आता माझा मुद्दा. हे रॉकेट सायन्स नाही, मग कुपी बाहेरून का येते?

आपल्याला जमत नाही म्हणावं, तर हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्येच हिपॅटायटिस बी ची रिकॉम्बिनंट लस यीस्टमध्ये बनवली आणि महागडी आयात लस सामान्यांच्या आवाक्यात आली. पुण्याच्या मायलॅबच्या कोरोना किटला मार्च २०२० मध्येच मंजुरी मिळाली होती. पण किट इथं जुळवणं वेगळं आणि त्यातलं एन्झाइम इथं बनवणं वेगळं. चटणी घरची, मिरची मात्र विमानानं आणलेली, अशी गत.

त्यात सरकारी कारभार. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के केलं होतं. शास्त्रज्ञांनी आरडाओरड केली, तेव्हा थोड्याच दिवसांत संशोधनासाठी ते परत १० टक्क्यांवर आणलं. ज्या देशाची लॅब आयातीवर चालते, तिथं एका कागदानं संशोधन बंद पडू शकतं, एवढं तरी त्यातून कळलं.

कुणी म्हणेल, घरगुती एन्झाइमवर रुग्णाची टेस्ट करणार का? मुळीच नाही. रुग्णासाठी वापरायचं तर प्रत्येक बॅच तपासूनच वापरायला हवी, आणि बाहेरच्या चांगल्या कंपन्यांचे पैसे त्या खात्रीचेच असतात. पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आणि भाचीसारख्यांच्या प्रोजेक्टला लागणारा साधा माल इथं का होऊ नये? यातल्या कित्येक मूळ एन्झाइमांची पेटंट कधीच संपलीत.

पुण्यात एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, कॉलेजांना तिथून कल्चर मिळतं. एनसीसीएसमधून पेशी मिळतात. म्हणजे दोन दुकानं सरकारनं आधीच मांडलीत. तिसरं एन्झाइमांचं मांडा. रोजची दहा-पंधरा प्रथिनं तिथं बनवा, तपासा आणि खर्चाच्या भावात जिल्ह्याजिल्ह्यात पोचवा. बनवायला मायक्रोबायोलॉजी, बायोटेकची पोरं आहेतच. डिग्री घेऊन आज ती औषधांच्या एजन्सीत बिलं फाडतायत.

आपल्याकडे सायन्स कॉलेजच्या नव्या इमारतीची फीत कापायला सगळे पुढारी येतात. पुढच्या वेळी आले की एवढंच विचारा : साहेब, आत फ्रीजर आहे का, आणि फ्रीजरमध्ये काही आहे का?

पुढची साथ आपल्याला विचारून येणार नाही. तेव्हा मला परत 'किटचा तुटवडा' लिहायचं नाहीये.

भाचीची कुपी अजून आलेली नाही. सुट्टी संपत आलीय.