मधपेट्या द्या, पण उचलीच्या आधी!

पिशोरकरांनो, थोडं स्पष्टच बोलतो.

आपल्या कन्नड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या आसपास बायामाणसं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या बायांसाठी परसबाग आणि मधमाशीपालन, ही कल्पना मला पटते. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे. साताऱ्याचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं.

पण मांघरला महाबळेश्वरचं जंगल आहे. आपल्याकडं तूर फुलते नोव्हेंबर-डिसेंबरात, कांद्याचे डोंगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये. नेमकी तेव्हा ही बाई फडात मोळ्या बांधत असते. ती परत येते तेव्हा फुलोरा संपलेला, पाणी आटलेलं, माश्यांना साखरेचा पाक द्यायची वेळ. मग पेटी टिकणार कशी?

म्हणून योजना पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, मुकादमाची उचल घ्यायच्या आधी दारात आली पाहिजे. पेट्या बचत गटाच्या असाव्यात, म्हणजे मागं राहणाऱ्या बाया सांभाळतील. परसबागेला ग्रामपंचायतीनं पाण्याजवळची जागा द्यावी. कांदा बियाणेवाल्यांनी पेटीचं भाडं द्यावं. माशी फिरली तरच बी भरतं. आणि फवारणी संध्याकाळी करा, नाहीतर माश्या मरतील.

पेटीवर अख्खा संसार चालत नाही, हे खरंय. पण मध, भाजी आणि भाडं मिळून एखादी बाई गावात राहू शकली, तरी तिचं लेकरू शाळेत राहील.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा का? बोला.