पूर्वजांचा शोध कीं पूर्वजांची निवड?

आपण कोण, कोठून आलों, ही जिज्ञासा मनुष्यमात्राला स्वाभाविक आहे आणि तिची कुचेष्टा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जिज्ञासेचें सोंग घेऊन अहंकार जेव्हां दप्तरखान्यांत शिरतो, तेव्हां त्याला दारांतच हटकणें हें इतिहासावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचें कर्तव्य ठरतें. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून मी मुद्दाम दूरचें उदाहरण घेतों : कॅनडांत जाऊन वसलेल्या स्कॉटिश लोकांचें. घरचें उदाहरण घेतलें कीं वाचकांना राग येतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो.

हे लोक कोण होते? १७७३ सालीं ‘हेक्टर’ नांवाच्या जुनाट जहाजांतून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतले पावणेदोनशेंहून अधिक उतारू नोव्हा स्कोशियांतील पिक्टू बंदरीं उतरले. वाटेंत देवी व आमांश यांनीं कित्येकांचा, विशेषतः लहान मुलांचा, बळी घेतला होता. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सदरलंड परगण्यांत मेंढ्यांचे कळप पोसण्यासाठीं कुळांना घराबाहेर काढण्यांत आलें. १८५१ सालीं साउथ युइस्ट व बारा या बेटांचा मालक कर्नल गॉर्डन यानें आपल्या दीड हजारांहून अधिक कुळांची जहाजांतून कॅनडाकडे रवानगी केली. सर्वच स्थलांतर असें सक्तीचें नव्हतें. स्वखुषीनें, चार पैसे गांठीं बांधून गेलेलेही पुष्कळ होते. पण बहुसंख्य लोक शेतकरी, विणकर, कोळी आणि मजूर होते, याविषयीं शंका नको.

आतां त्यांच्या वंशजांपैकीं कांहींची तऱ्हा पाहा. त्यांना विणकर आजोबा नको, क्लॅनचा नायक पाहिजे! आडनांव मॅक्डोनल्ड असलें कीं नायकाचें रक्त आपल्या अंगांत आहे, अशी त्यांची खात्री होते. वस्तुतः नायकाच्या आश्रयाला राहणारीं कुळें त्याचेंच आडनांव लावीत. तेव्हां त्या आडनांवावरून फार तर निष्ठा किंवा वसतिस्थान सिद्ध होईल, रक्त नव्हे. दुकानांत ‘आपल्या घराण्याचें कुलचिन्ह’ म्हणून जी ढाल विकत मिळते तिची गोष्ट याहून मौजेची आहे. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणें असें चिन्ह एका व्यक्तीचें असतें. तें आडनांवाचें नसतेंच. चौकटीच्या टार्टन कापडाचें तेंच. कोणत्या क्लॅनचा नमुना कोणता, हें काटेकोरपणें ठरलें तें मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत. आणि या विषयावरचा १८४२ सालचा एक गाजलेला ग्रंथ पुढें बनावट ठरला. म्हणजे ज्या वस्तु प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून मिरवल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा त्या गरीब उतारूंनीं आयुष्यांत पाहिल्याही नसतील.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही दुकानावर विसंबत नाहीं, खानेसुमारीचे कागद पाहतों.” उत्तम, पण कागद पाहणें वेगळें आणि वाचणें वेगळें. कॅनडाची १८५१ ची म्हणून ओळखली जाणारी खानेसुमारी प्रत्यक्षांत जानेवारी १८५२ मध्यें झाली, आणि तींत वय विचारलें होतें तें पुढच्या वाढदिवसाचें. शिवाय तिच्या कांहीं वह्या कायमच्या गहाळ झाल्या आहेत. १८७१ पासून जन्मस्थानाहून निराळा असा ‘मूळ वंशा’चा रकाना आला, त्यांत ज्याच्यापुढें ‘स्कॉच’ लिहिलें आहे त्यानें स्कॉटलंड डोळ्यांनीं पाहिलेंच असेल असें नाहीं. देशांत कोणत्या सालीं आलांत हा प्रश्न १९०१ मध्यें विचारला गेला, पण तोंपर्यंत पहिल्या पिढींतले कित्येक मातीआड झाले होते. बरें, जन्मस्थान म्हणून नुसतें ‘स्कॉटलंड’ लिहून कारकून मोकळा होई. गांवाचा पत्ता नाहीं. गेलिक बोलणाऱ्यांच्या नांवांची दशा तर विचारूंच नये. घरीं जो गिलेस्पिग तो वहींत आर्चिबाल्ड झाला, आणि जी ओइरिक ती कोठें युफीमिया तर कोठें एफी झाली.

उतारूंच्या याद्यांविषयीं तर भ्रमाला सीमाच नाहीं. प्रत्येक माणूस जहाजांतून आला, म्हणून प्रत्येकाचें नांव कोठेंतरी लिहिलेलें असलेंच पाहिजे, असें हे लोक समजतात. क्वेबेक बंदराच्या याद्यांचें सलग दप्तर १८६५ पासूनचें. हॅलिफॅक्सचें १८८१ पासूनचें. त्यापूर्वीं जें आहे तें तुरळक आणि तुटक. ज्या ‘हेक्टर’चा एवढा बोलबाला, त्याच्या उतारूंची प्रसिद्ध यादीसुद्धां कित्येक दशकांनंतर आठवणीवरून केलेली आहे. पुढच्या याद्यांत नांव, वय, धंदा आणि ‘स्कॉच’ एवढेंच बहुधा सांपडतें. शिवाय न्यूयॉर्कला उतरून खुष्कीच्या वाटेनें कॅनडांत शिरलेले क्वेबेकच्या यादींत येणार कसे? तरीही वंशवृक्षांच्या वह्यांतून १८२० सालच्या पणजोबांच्या जहाजाचें नांव आणि तारीख बिनदिक्कत छापलेली आढळते. आतां तर यंत्रांत नांव घातलें कीं क्षणार्धांत वीस ‘जॉन कॅम्बेल’ समोर येतात. त्यांतला जो सोयीचा तो आपला! याला शोध म्हणत नाहींत. ही निवड झाली.

“मग तुमच्या मतें शोध घेऊंच नये काय?” घ्यावा, अवश्य घ्यावा. पण त्याची रीत आहे. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत विवाहित स्त्रीचें माहेरचें आडनांव बहुधा टिकून राहतें. त्यामुळें एकट्या पुरुषाचें नांव जेथें वीस जणांना लागू पडतें तेथें पतिपत्नींची जोडी एकाच घराकडे बोट दाखविते. शेजारीही पाहावेत, कारण एका गांवचे लोक पुष्कळदां कॅनडांतही एकमेकांच्या शेजारींच जमीन घेत. थडग्याच्या शिळेवर कित्येकदां पॅरिशचें नांव कोरलेलें असतें. स्कॉटलंडांत नांवनिशीवार खानेसुमारी १८४१ पासून आणि जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८५५ पासून मिळते. त्यामागें चर्चच्या वह्या आहेत. पहिल्या मुलाला आजोबांचें नांव ठेवण्याची चाल वाट दाखवील, परंतु ती चाल म्हणजे पुरावा नव्हे. एकमेकांवर न विसंबणारे दोन आधार जुळेपर्यंत ‘ठाऊक नाहीं’ असें लिहिण्याचें धैर्य ज्याला नाहीं, त्यानें या वाटेला जाऊं नये.

दुसऱ्या बाजूला कांहीं विद्वान आहेत. घराण्यांचे शोध म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असें ते म्हणतात. त्यांचेंही मला पटत नाहीं. १८६९ नंतरच्या साठसत्तर वर्षांत ब्रिटनमधून सुमारें एक लाख निराधार अथवा दरिद्री मुलें आईबापांवांचून कॅनडांत पाठविण्यांत आलीं. ग्लासगोच्या विल्यम क्वारियर याच्या संस्थेनेंच सुमारें सात हजार धाडलीं. खानेसुमारीच्या वहींत हीं मुलें परक्या कुटुंबाच्या शेवटच्या ओळींत ‘नोकर’ म्हणून उभीं असतात. मोठेपणीं त्यांतल्या अनेकांनीं हें बालपण पोटच्या मुलांपासूनही लपविलें. नायकाचा वंशज व्हायला निघालेला मनुष्य ती ओळ उलटून पुढें जाईल. खरा शोधक तेथें थांबेल. राजकारणाच्या इतिहासांत या मुलांना जागा नाहीं. त्यांच्या नातवंडांनीं दप्तरें धुंडाळलीं नाहींत, तर हा इतिहास लिहिणार कोण? आणि असा शोधक दुसरीही एक गोष्ट टाळणार नाहीं. आपले पूर्वज घरादाराला मुकले हें जितकें खरें, तितकेंच पिक्टूची ज्या भूमीवर त्यांनीं नवीं घरें बांधलीं ती मिकमॅक लोकांची होती, हेंही खरें.

या प्रश्नाचा आपल्याशीं अगदींच संबंध नाहीं असें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून मराठी मजूर करारानें मॉरिशसला गेले. तेथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेल्या अनेक नोंदींत मजुराचें नांव, बापाचें नांव, जात, गांव आणि जहाज इतका तपशील आहे. स्वतंत्रपणें निघालेल्या स्कॉटिश शेतकऱ्याविषयीं कोणी इतकें लिहिलें नाहीं. कारण उघड आहे : सरकार ज्याला बांधून ठेवूं पाहतें त्याचें वर्णन तें बारकाईनें लिहितें. कागद जाड म्हणून मनुष्य थोर, असा हिशेब येथें चालत नाहीं. तरी त्या कागदामुळें आज एखाद्या मॉरिशसवासी मराठी कुटुंबाला आपलें गांव सांपडूं शकतें. आपल्या मूळ पुरुषाला कोणत्या तरी सरदाराच्या पंक्तीला बसविण्याची हौस आपल्याकडेही कमी नाहीं. त्या हौसेपेक्षां मजुराचा तो एक कागद मला अधिक मोलाचा वाटतो.

खोट्या वंशावळीनें कोणाचें काय बिघडतें, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. बिघडतें तें मेलेल्यांचें. वंशवृक्षावर प्रत्येक जागा एकालाच असते. तेथें ऐटबाज परका माणूस बसविला कीं ज्यानें खरोखर समुद्र ओलांडला, झाडें तोडलीं, मुलें पुरलीं आणि उरलेलीं वाढविलीं, त्याला ती जागा सोडावी लागते. जमीनदारानें त्याला एकदां हुसकून लावलें होतें. तेंच काम त्याच्या वंशजांनीं पुन्हां करूं नये.