तलवार उशिरा निघते

तीन तासांचा तलवारबाजीचा चित्रपट, आणि पहिली तलवार म्यानातून बाहेर यायला जवळजवळ एक तास लागतो. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’बद्दल कुणाला सांगायला लागलो की हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना हाणामारी हवी असते ते पहिल्या अर्ध्या तासातच चुळबुळायला लागतात, आणि ज्यांना हाणामारीचं वावडं असतं ते मुळात येतच नाहीत. दोघेही एका फार मोठ्या आनंदाला मुकतात. हा चित्रपट जगातल्या थोर चित्रपटांच्या पंक्तीत बसतो असं माझं ठाम मत आहे. ‘कुंग फूचा पिक्चर’ म्हणून त्याला बाजूला सारणं हा आपल्या रसिकतेतला कमीपणा आहे, आणि आजचा स्तंभ मी त्यासाठीच खर्च करणार आहे.

सुरुवातीलाच रात्रीच्या अंधारात कोळ्याची जाळी दिसतात. त्यात अडकलेले किडे, सावकाश पुढे सरकणारा कोळी. मग पहाट, धुक्यातले डोंगर आणि एक ओसाड गढी. काळ मिंग राजवटीचा, गाव सरहद्दीजवळचं. गू नावाचा तिशी ओलांडलेला माणूस तिथे लोकांची पत्रं लिहून देतो, चित्रं काढून देतो आणि म्हाताऱ्या आईबरोबर गढीच्या आवारातल्या पडक्या घरात राहतो. परीक्षा दे, सरकारी नोकरी धर, लग्न कर, वंश चालव, हा आईचा रोजचा घोशा. गढीत भुतं आहेत अशी गावात वदंता. अशात गूच्या दुकानात एक परका तरुण स्वतःचं चित्र काढून घ्यायला येतो, पण त्याचं सगळं लक्ष रस्त्याकडे. गावात एक आंधळा ज्योतिषी आहे, औषधं विकणारा एक वैद्य आहे, आणि समोरच्या ओसाड घरात आजारी आईला घेऊन नुकतीच राहायला आलेली एक अबोल तरुणी आहे. यातलं कुणीही जे दिसतं ते नाही.

हा पहिला तास मला चित्रपटातला सगळ्यात धीट भाग वाटतो. काही घडत नाही आणि नजर हलत नाही. गू चोरून बघतो, परका तरुण गूला बघतो, ज्योतिषी न बघता सगळं बघतो. कोण कुणाच्या पाळतीवर आहे याचा अंदाज बांधता बांधता आपणही त्या गावातले होऊन जातो. मग एका सकाळी, उंच गवतात, त्या अबोल मुलीच्या हातात पातं चमकतं, आणि तासभर जमवलेली शांतता एका झटक्यात फुटते. गू हबकून बघत राहतो. आपली अवस्था त्याच्यासारखीच होते, कारण आतापर्यंत जे त्याला माहीत होतं तेवढंच आपल्यालाही माहीत होतं.

मुलीचं नाव यांग हुइजन. पुढे कळतं की तिचा बाप यांग ल्येन. हे नाव इतिहासातलं आहे. यांग ल्येन हा सचोटीचा अधिकारी होता. दरबारात सर्वसत्ताधीश होऊन बसलेला खोजा वेई चोंगश्येन याच्यावर त्याने बादशहापुढे उघड आरोप केले, आणि १६२५ मध्ये तुरुंगात हालहाल होऊन तो मेला. किंग हू यांनी त्याच्या पदरी एक लेक घातली आणि खोजाचे हेर तिच्या मागावर सोडले. कथेचं बीज पू सोंगलिंग यांच्या जुन्या, गाजलेल्या कथासंग्रहातलं आहे. ती गोष्ट आहे काही पानांची. तिच्याभोवतीचा हा सगळा पसारा किंग हू यांचा. दरबारी कारस्थानाचा पूर्ववृत्तान्त येतो तेव्हा नावं भराभर पडतात आणि तळाची अक्षरं वाचताना दमछाक होते. तिथे घाबरू नका. बाप कुणामुळे मेला आणि लेकीच्या मागे कोण लागलंय, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

आता बांबूचं बन. त्याबद्दल सावकाश लिहिणं भाग आहे, कारण या एका प्रसंगाने पुढच्या अर्धशतकाच्या चित्रपटांना वळण दिलं. साधारण दहा मिनिटांची चकमक. तिच्या चित्रीकरणाला पंचवीस दिवस लागले. उंच बांबू, त्यांतून तिरपी उतरणारी हिरवट उन्हं, खाली धुक्याचा थर. यांग आणि तिचा सोबती एका बाजूला, खोजाचे लोक दुसऱ्या बाजूला. बराच वेळ कुणी हलत नाही. मग एका क्षणी यांग बांबूच्या खोडावर पाय रोवून वर झेपावते आणि शेंड्याच्या उंचीवरून, डोकं खाली, तलवार पुढे, शत्रूवर कोसळते. संगणक नव्हता. माणसाच्या ताकदीच्या मर्यादा होत्या आणि गुरुत्वाकर्षणही होतं. मग हे झालं कसं?

संकलनाच्या टेबलावर झालं. किंग हू उडी सबंध कधीच दाखवत नाहीत. जमिनीला रेटा देणारं पाऊल, पानांमधून सरकन गेलेला झगा, वरून दिसणारं आभाळ, खाली टेकलेला पाय. एकेक तुकडा सेकंदाच्या लहानशा अंशाएवढा. मधली उडी आपण आपल्या मनात मारतो. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी किंग हू यांच्यावरच्या निबंधात नेमका हा मुद्दा मांडला आहे: या योद्ध्यांचा वेग इतका अफाट की कॅमेऱ्यालाही त्यांची नुसती झलकच मिळते, असा भास हा दिग्दर्शक मुद्दाम निर्माण करतो. अपुरं दाखवून अधिक दाखवण्याची ही रीत. आजच्या मारधाडपटात कॅमेरा हलवून आणि तुकडे करून नटाचं अज्ञान झाकतात. किंग हू तुकडे करतात ते हालचाल अधिक शुद्ध दिसावी म्हणून. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि एकदा हे बन पाहिलं की ते अंतर आपसूक कळतं.

या सगळ्याचं मूळ बीजिंगच्या संगीत नाटकात आहे. किंग हू बीजिंगचे. १९४९ मध्ये हाँगकाँगला आले, चित्रपटाच्या कला विभागात कामं केली, नट झाले, मग दिग्दर्शक. १९६६च्या ‘कम ड्रिंक विथ मी’साठी त्यांनी चेंग पेई-पेई ही नायिका निवडली ती नाच शिकलेली म्हणून. तलवार चालवणं त्यांच्या लेखी नृत्याच्या घरातलं होतं. त्यांचे चकमकींचे रचनाकार हान यिंगज्ये हेही त्या नाटकाच्या तालमीत घडलेले. दशावतारात राक्षस आणि देव समोरासमोर येतात तेव्हा तलवारीला तलवार लागण्यापेक्षा मृदंगाच्या थापेवर पडणारं पाऊल महत्त्वाचं असतं. इथेही तसंच आहे. वार तालावर बसतो. म्हणून रक्त फार सांडत नाही आणि तरी छाती धडधडते. जाता जाता सांगतो, ब्रूस ली यांच्या ‘द बिग बॉस’मधला खलनायक बॉस म्हणजे हेच हान यिंगज्ये, आणि ‘अ टच ऑफ झेन’मधला क्रूर सेनापतीही तेच.

आणि बायका. चेंग पेई-पेई असो की इथली श्यू फंग, तलवार हातात घेतलेल्या या स्त्रियांना पडद्यावर कुणी ‘बाई असून’ असं म्हणत नाही. त्या लढतात कारण त्या लढवय्या आहेत. श्यू फंग तेव्हा विशीच्या आतबाहेरची. फार बोलत नाही, हसत तर जवळजवळ नाहीच. पण तिची रोखलेली नजर अशी की समोरचा पुरुष तलवार उपसण्याआधीच अर्धा हरलेला असतो. उलट गू हा पुरुष आहे आणि त्याला लढता येत नाही. त्याच्याकडे आहे पुस्तकी डोकं. युद्धशास्त्रावरचे ग्रंथ वाचून तो गढीत भुतांचा सापळा रचतो. दोऱ्या, घंटा, बाहुल्या, अफवा. रात्री शत्रूचं सैन्य घाबरून सैरावैरा होतं.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र मी विसरू शकत नाही. गू आपला सापळा बघायला निघतो. ही दोरी ओढली की ती बाहुली हलते, हा खटका दाबला की ती घंटा वाजते. आपल्याच करामतीवर तो खदखदून हसतो, हसतच पुढे जातो. आणि मग पायाशी प्रेतं दिसायला लागतात. एक, दोन, मग अंगणभर. हसू ओठांवर तसंच अडकतं आणि हळूहळू चेहऱ्यावरून उतरतं. इतका वेळ टाळ्या वाजवत बसलेल्या प्रेक्षकालाही त्या प्रेतांमधून चालावं लागतं. विजयाची मजा आणि विजयाची किंमत एकाच प्रसंगात दाखवणारे चित्रपट थोडे आहेत, आणि त्यातले मारधाडपट तर फारच थोडे.

इथून पुढे चित्रपट बौद्ध भिक्षूंच्या हाती जातो. शेवट सांगत नाही. तो नुसता ऐकायचा नाही, बघायचाच. एवढंच म्हणतो की सूडाच्या गोष्टीने एवढी उंच झेप घेतलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मठाधिपतीच्या भूमिकेतले रॉय चियाओ काहींना ओळखीचे वाटतील: अमरीश पुरी ज्यात खलनायक होते त्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’च्या आरंभीचा गुंड लाओ चे त्यांनीच केला होता.

सबटायटल्सविषयी. ‘वाचत बसलं की बघणं राहून जातं,’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ती मनापासूनची असते, पण या जातीच्या चित्रपटाला ती लागू नाही. ज्या प्रेक्षकासाठी हे चित्रपट बनले तोही वाचतच होता. चित्रपट मँडरिनमध्ये, हाँगकाँगच्या घराघरांत कँटनीज. तैवानमध्येही अनेकांची घरची बोली वेगळी. पडद्याच्या तळाशी चिनी अक्षरं छापलेली असत आणि पिटातली माणसं ती वाचत शिट्ट्या मारत. आपण काही अनाथासारखे बाहेरून डोकावत नाही. उलट हिंदी डबिंगने आपलं खरं नुकसान केलं. टीव्हीवर दाखवलेल्या कुंग फूपटांत मूळ आवाज पुसले गेले, झांज-ढोल गेले, शांतता तर पहिल्याप्रथम गेली, आणि उरली ती विनोदी आवाजातली वटवट. एका सबंध कलेबद्दलचं आपलं मत त्या वटवटीवर बनलं. ‘अ टच ऑफ झेन’मध्ये कितीतरी मिनिटं कुणी बोलतच नाही. तिथे वारा ऐकायचा असतो, किडे ऐकायचे असतात, म्यान घासल्याचा आवाज ऐकायचा असतो.

या चित्रपटाच्या वाट्याला सुरुवातीला हाल आले. १९६७च्या ‘ड्रॅगन इन’च्या प्रचंड यशामुळे किंग हू यांना हवा तसा चित्रपट करायला मिळाला खरा, पण निर्मात्यांनी तैवानमध्ये तो दोन भागांत, १९७० आणि १९७१ साली, प्रदर्शित केला आणि तो चालला नाही. १९७५ मध्ये कान महोत्सवात तो पूर्ण रूपात स्पर्धेत दाखवला गेला आणि तांत्रिक गुणवत्तेचं मोठं पारितोषिक घेऊन आला. श्यू फंग पुढे निर्माती झाली. १९९३ साली कानचा सर्वोच्च सन्मान मिळवणारा ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ तिचाच. आणि तिनेच पदरचा पैसा घालून या चित्रपटाचं नव्याने जतन करवून घेतलं. ती नवी प्रत २०१५ मध्ये पुन्हा कानमध्येच दाखवली गेली. त्याच वर्षी तिथे होऊ श्याओ-श्येन यांना ‘द असॅसिन’साठी दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, तोही तलवार घेतलेल्या एका अबोल स्त्रीचा चित्रपट. किंग हू हे बघायला नव्हते. ते १९९७ मध्येच गेले.

आंग ली यांचा २००० सालचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ बहुतेकांनी पाहिलाय. चार ऑस्कर, आणि अमेरिकेसारख्या सबटायटल्सना नाक मुरडणाऱ्या देशात बारा कोटी डॉलरहून अधिक कमाई. तो मलाही आवडतो. पण त्यातल्या बांबूच्या शेंड्यांवरच्या द्वंद्वाचं घराणं कुठलं ते आता तुम्हाला कळलं. त्यातली म्हातारी जेड फॉक्स म्हणजे चेंग पेई-पेई, हा आंग ली यांनी पूर्वसूरींना केलेला नमस्कारच.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या फिल्म सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बर्गमन, कुरोसावा, किआरोस्तामी यांचे चित्रपट तुम्ही आम्हाला दाखवलेत, त्याचे उपकार आहेत. यंदा एका रविवारी किंग हू दाखवा. पूर्ण तीन तास, नवी प्रत, मूळ आवाज. मध्यंतर हवंच असेल तर बांबूच्या बनानंतर घ्या, आधी नको. दिवे नीट बंद करा, कारण गढीतली रात्र मुद्दाम काळोखात चित्रित केली आहे. जमलं तर सबटायटल्स मराठीत करून घ्या. भाषांतर जाणणाऱ्या दोन-तीन उत्साही मंडळींना हे अवघड नाही. आणि वाचकहो, बोलावणं आलं की जा. शेजारच्या कराटे क्लासमधल्या पोरापोरींनाही बरोबर न्या. पहिला तास कळ काढायला सांगा.