निष्ठा फक्त पीटीच्या सरांनीच ठेवायची का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना दोन ओळींत मत बनवायची सवय आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

आपल्या हायस्कूलचे बास्केटबॉलचे सर गेले. पुण्याजवळच्या एका निवासी शाळेत त्यांना प्रशिक्षक म्हणून नोकरी मिळाली. पूर्ण पगार, राहायला क्वार्टर, मुलाचं शिक्षण तिथेच. आठ दिवस झाले, गावातल्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. 'पैशासाठी गेला', 'गावाने मोठा केला आणि गावालाच लाथ मारली', 'गद्दार'. एका महाभागाने तर सरांच्या फोटोवर लाल फुली मारून स्टेटस ठेवला. हाच महाभाग गेल्या वर्षी मुली विभागीय स्पर्धेत जिंकल्या तेव्हा स्टँडसमोरच्या बॅनरवर 'शुभेच्छुक' म्हणून हात जोडून उभा होता. बॅनरवर त्याचा फोटो सरांच्या फोटोपेक्षा मोठा होता, हेही ज्यांनी बॅनर पाहिला त्यांना आठवत असेल.

आता हिशोब करू. गावाने सरांना 'मोठं केलं' म्हणजे नक्की काय केलं?

सर अकरा वर्षं इथे होते. अकरा वर्षांत एकदाही कायमचे झाले नाहीत. तासिकेवर मानधन, तेही दोन-दोन महिने उशिरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन नाही, कारण तास नाहीत. पण सराव उन्हाळ्यातही चालू असायचा, पहाटे साडेपाचला. कोर्ट म्हणजे शाळेच्या मागचा सिमेंटचा चौकोन. त्यातल्या एका बाजूची रिंग वाकलेली. ती सरळ करून घ्यायला सर स्वतः सायकलीवर टाकून वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेले होते. स्पर्धेला जायचं तर एसटीचं तिकीट कोण काढणार, यावर दरवर्षी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये अर्धा तास चर्चा. शेवटी पैसे कुणाच्या खिशातून जायचे ते मुलींना विचारा. मुली सांगतील, कारण वडापावचे पैसेसुद्धा त्याच खिशातून गेलेत.

संस्थेने दिलं काय? दर २६ जानेवारीला एक नारळ आणि शाल.

आणि पालक? माफ करा, पण हेही बोललं पाहिजे. आठवीत पोरगी कोर्टवर गेली की 'अभ्यास बुडतो, हाफ पँट कशाला' म्हणून सरांशी भांडायला येणारे पालक दहावीच्या वर्षी त्याच सरांना फोन करून विचारायचे, 'सर, क्रीडागुणांचं बघा ना जरा, नाव टाकता येईल का यादीत?' मैदानात कधी न दिसलेल्या पोराचं नाव यादीत टाकायला सरांनी नकार दिला, तेव्हापासून काही घरांत त्यांच्याबद्दल गोड बोललं जात नव्हतं. आज जी भाषा ऐकू येतेय तिचं मूळ थोडं तिकडेही आहे. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणात खोटी प्रमाणपत्रं दाखवून सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं या महाराष्ट्राने पाहिलीत. त्या बाजारात 'नाही' म्हणणारा माणूस आपल्याकडे होता. त्याची किंमत आपण काय केली?

आता एक गंमत. परवा आपल्याच एका ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेतल्या बॉब हर्ली यांची गोष्ट टाकली. खाली लिहिलं, 'याला म्हणतात गुरू. नाहीतर आमचे सर.' खाली पन्नास अंगठे.

गोष्ट खरी आहे. पण अर्धी टाकली. उरलेली अर्धी मी सांगतो.

बॉब हर्ली हे न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचे. गाव त्यांचंच. १९७२ पासून तिथल्या सेंट अँथनी हायस्कूलच्या मुलांना त्यांनी बास्केटबॉल शिकवला. शाळा गरीब, स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं. सराव कुठे, तर ज्या हॉलमध्ये लोक बिंगो खेळायचे तिथे. तरी अकराशेहून जास्त सामने जिंकले, पंचवीसहून जास्त वेळा राज्य अजिंक्यपद मिळवलं. २०१० मध्ये बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. हायस्कूलच्या प्रशिक्षकाला हा मान क्वचितच मिळतो. मोठ्या कॉलेजांकडे जायची संधी असूनही माणूस गाव सोडून गेला नाही. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे.

पुढे वाचा. हर्लींचं घर शाळेच्या मानधनावर चालत नव्हतं. ते वर्षानुवर्षं काउंटीचे प्रोबेशन ऑफिसर होते. शिक्षा होऊनही तुरुंगाबाहेर राहायची मुभा मिळालेल्या लोकांवर देखरेख ठेवायची, अशी ती सरकारी नोकरी. दिवसा नोकरी, संध्याकाळी कोर्ट. म्हणजे त्यांची निष्ठा पोटाला चिमटा काढून उभी नव्हती, तिच्याखाली पक्क्या पगाराचा पाया होता. आपल्या सरांच्या निष्ठेखाली काय होतं? सिमेंटचा चौकोन आणि वाकलेली रिंग.

आणि शेवट माहीत आहे का? जी शाळा त्या माणसाने ४५ वर्षं सांभाळली, जिच्यासाठी देणग्या गोळा करत तो दारोदार फिरला, ती शाळा २०१७ मध्ये बंद पडली. कारण पैसे नाहीत आणि मुलंही कमी. जगात नाव असलेला प्रशिक्षक आयुष्यभर एका जागी राहिला, तरी शाळा वाचली नाही. एका माणसाच्या त्यागावर संस्था चालत नसतात, मंडळी. तो माणूस हर्ली असला तरी.

हर्लींच्याच घरातलं दुसरं उदाहरण. त्यांचा मुलगा डॅन हर्ली कनेक्टिकट विद्यापीठाचा प्रशिक्षक आहे. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. २०२४ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला बोलावलं. तो गेला नाही. 'बघा निष्ठा!' म्हणून तिकडेही टाळ्या पडल्या. पण टाळ्या वाजवून विद्यापीठ गप्प बसलं नाही. पुढच्याच महिन्यात त्याच्याशी सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा करार केला. ज्याला ठेवायचं आहे त्याला असं ठेवतात. आपल्याकडे काय करतात? माणूस निघाला की त्याला शिव्या घालतात, म्हणजे पुढचा घाबरून थांबेल.

आता जाणाऱ्याचं उदाहरण. इंडियाना राज्यात मिलान नावाचं छोटं गाव आहे. १९५४ साली तिथल्या हायस्कूलमध्ये विद्यार्थी होते फक्त १६१. त्या काळी तिथे लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळायच्या. मिलानच्या पोरांनी अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असं हरवलं. शेवटच्या क्षणी बॉबी प्लंप नावाच्या मुलाने बास्केट केला. पुढे १९८६ मध्ये आलेल्या 'हूजिअर्स' या सिनेमाला हीच प्रेरणा. या संघाचे प्रशिक्षक मार्व्हिन वुड तेव्हा तिशीच्या आतले होते. जिंकल्यावर त्यांनी काय केलं? त्याच वर्षी मिलान सोडलं आणि न्यू कॅसल या मोठ्या शाळेत गेले. आज मिलानमध्ये त्या विजयाचं संग्रहालय आहे आणि त्या संघाची गोष्ट वुड यांच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. माणूस गेला म्हणून त्याने केलेलं काम त्याच्याबरोबर गाव सोडून जात नाही.

आपल्या मातीतलं हवंय? घ्या. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या शाळेत होता. रमाकांत आचरेकर सरांनी सांगितलं, शाळा बदल, शारदाश्रमात ये, तिथे क्रिकेट आहे. तेंडुलकरांच्या घरच्यांनी ऐकलं. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची भागीदारी झाली ती शारदाश्रमासाठी. जुन्या शाळेला कुणी विचारलं, 'पोरगा पळवला का?' स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तो गावातच थांबला असता तर २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आलं असतं का? बाहेर पडला, क्रीडा प्रबोधिनीत गेला, म्हणून झालं. मराठवाड्यातले किती मल्ल आणि वस्ताद पुण्या-कोल्हापूरच्या तालमीत गेले. त्यांच्या नावाच्या कमानी गावानेच उभ्या केल्या ना?

आणि हे सोडा. आपल्या गावातला प्रत्येक हुशार पोरगा पुणे, हैदराबाद, नाहीतर थेट अमेरिका. त्याच्या आईबापाचा आपण सत्कार करतो. डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखाना टाकतो, त्याला 'प्रगती' म्हणतो. संस्थाचालकांची मुलं कुठल्या शाळेत शिकली ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मग गद्दारी एकट्या पीटीच्या सरांचीच कशी?

मी सांगतो कशी. कारण खेळ शिकवणाऱ्याला आपण नोकरदार मानतच नाही. तो 'सेवा' करतो. सेवा करणाऱ्याने पगार मागायचा नसतो. हा समज फक्त गावाचा नाही, कायद्याचाही आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढून बघा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी शिक्षक द्या म्हणतो, पण कसला? अंशकालीन. गणिताला शिक्षक, मैदानाला अर्धवेळ निदेशक. मग अर्ध्या पगारात पूर्ण आयुष्य द्यायची अपेक्षा कशी करता?

आता सरांवरचे दोन आरोप, जे मला गंभीर वाटतात. तेही टाळत नाही.

पहिला, 'मुलींना अर्ध्यावर सोडलं'. सर या वर्षीची शालेय स्पर्धा संपल्यावर गेले. जाण्याआधी दोन महिने संस्थेला लेखी कळवलं. त्या दोन महिन्यांत संस्थेने नवीन माणूस शोधला का? जाहिरात दिली का? नाही. मुली आज अर्ध्यावर आहेत हे खरं आहे, आणि मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पण त्यांना अर्ध्यावर ठेवलंय कुणी, ते पत्राची तारीख बघून ठरवा.

दुसरा आरोप, 'जाताना दोन मुली घेऊन गेले'. हो, दोघी गेल्या. फी नाही, वसतिगृहाचा खर्च त्या शाळेचा. एकीचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, 'दादा, पोरीला रोज दूध-अंडी मिळतंय, मी नाही कसा म्हणू?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर त्यांना जाऊन सांगा, ग्रुपवर नको. मोठ्या शाळा छोट्या गावांतले तयार खेळाडू उचलतात, हा प्रश्न आहेच. आपला संघ यामुळे कमजोर होणार, हेही खरं. पण राग त्या व्यवस्थेवर काढा. आणि दूध-अंडी इथे का देता आली नाहीत, हेही विचारा. गणपतीच्या डीजेला वर्गणी जमते ना?

आता काम. नुसतं बोलून उपयोग नाही.

शाळेत आज १४ वर्षांखालच्या सोळा मुली रोज संध्याकाळी कोर्टवर येतात. सर नसताना येतात. आपापसात ले-अप मारतात, मोठ्या मुली लहानांना शिकवतात. पुढच्या हंगामाच्या जिल्हास्तर स्पर्धा यायला फार वेळ नाही. माझं म्हणणं एवढंच. येत्या पालकसभेत तीन गोष्टी लेखी मागा. नवीन क्रीडाशिक्षकाला बारा महिन्यांचा पगार आणि लेखी करार. स्पर्धेच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात. कोर्टवर दोन दिवे आणि एक नवी रिंग. संस्था म्हणेल पैसे नाहीत. तर माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला थोडे थोडे टाकून निधी उभा करू, हिशोब दर महिन्याला शाळेच्या फलकावर लावू. मी पहिलं नाव लिहितो.

आणि एक चौथी गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. सरांचा निरोप समारंभ झाला नाही. अकरा वर्षांनी माणूस गेला आणि त्याला कुणी स्टँडवर सोडायलाही गेलं नाही. दिवाळीला ते गावी येतील, आईवडील इथेच आहेत. तेव्हा स्टँडवर, दुकानात, देवळात त्यांना कुणी तोंड फिरवून भेटलं, तर लक्षात ठेवा, नवीन येणारा शिक्षकही ते बघणार आहे. आपल्या गावात चांगल्या माणसाचं शेवटी काय होतं, हे त्याला त्यातूनच कळेल. आणि मग तो अकरा वर्षं थांबणार नाही, अकरा महिन्यांत जाईल.

ज्यांना पटलं नाही त्यांनी कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. फक्त एक अट. भांडायच्या आधी एकदा संध्याकाळी शाळेच्या मागच्या कोर्टवर जाऊन त्या सोळा पोरी बघून या.

शेअर, कॉपी-पेस्ट, काहीही करा. पालकसभेच्या आधी गावातल्या प्रत्येक पालकापर्यंत जाऊ दे.